नेपच्यून्स लेअर (१९९९): सात वर्षं उशिरा आलेला पहिला अल्बम

खारट

डेट्रॉइटच्या ड्रेक्सिया या इलेक्ट्रो जोडगोळीची पहिली तबकडी आली १९९२ मध्ये आणि पहिला अल्बम आला १९९९ मध्ये. मधल्या काळात नुसत्या बारा इंची तबकड्या: 'डीप सी ड्वेलर', 'बबल मेट्रोपोलिस', 'ॲक्वाटिक इन्व्हेजन', 'द अननोन ॲक्वाझोन', 'द जर्नी होम', 'द रिटर्न ऑफ ड्रेक्सिया'. कधी डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या लेबलकडून, कधी इंग्लंडच्या वॉर्पकडून. कव्हरवर चेहरे नाहीत, मुलाखती जवळपास नाहीत. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड ही नावंसुद्धा लोकांना बरीच उशिरा कळली. आणि मग बर्लिनच्या ट्रेझॉर लेबलने 'नेपच्यून्स लेअर' काढला.

सध्या हाच ऐकतोय, म्हणून धागा. इथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की तिसऱ्या प्रतिसादात गाडी गोवा ट्रान्सवर घसरते हे माहीत आहे, तरीही.

ज्यांना 'इलेक्ट्रो' म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर यांनी 'प्लॅनेट रॉक' केलं. सुरावट क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची, ठेक्याची प्रेरणा त्यांच्याच 'नंबर्स'ची, आणि वाजवायला रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. जर्मन यंत्रसंगीत ब्राँक्सच्या पोरांनी नाचण्यासाठी उचललं. डेट्रॉइटमध्ये हे त्याआधीच सुरू झालं होतं. हुआन ॲटकिन्स आणि रिक डेव्हिस यांनी 'सायबोट्रॉन' नावाने १९८१ मध्ये 'ॲलीज ऑफ युअर माइंड' आणि १९८३ मध्ये 'एंटर' हा अल्बम काढला. 'क्लिअर' हे गाणं त्यातलंच. मिसी एलियटच्या 'लूज कंट्रोल'मध्ये जे वाजतं तेच.

पुढे ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांचं टेक्नो युरोपात गेलं, तिथे सरळ ठेक्याचं राज्य आलं आणि तुटक ठेक्याचं इलेक्ट्रो जुनाट ठरलं. ड्रेक्सियाने ते १९९२ मध्ये पुन्हा हातात घेतलं, म्हणजे ते अगदी फॅशनबाहेर असताना. माझा मुद्दा इथेच आहे. 'नेपच्यून्स लेअर'मध्ये ऐंशीच्या दशकाची आठवण काढून उसासे टाकणं नाही. 'बघा, आम्ही कसा जुना आवाज काढला' असा डोळाही ते मारत नाहीत. जुनी भाषा आहे, पण ती रोजच्या वापरातली आहे.

अल्बम वीसहून जास्त तुकड्यांचा. काही दीड-दोन मिनिटांत संपतात, काही सहा-सात मिनिटं चालतात. एखादी कल्पना दोन मिनिटांची असेल तर ते तिला दोनच मिनिटं देतात. डीजेला मिसळायला सोयीचं म्हणून पुढे-मागे कोरा ठेका जोडायचा हा टेक्नोचा सरधोपट रिवाज इथे धाब्यावर बसवलाय.

'अँड्रिअन सँड ड्यून्स' ऐका, शक्य असेल तर हेडफोन लावून. आठ-दहा सुरांची एक माळ सतत वर-खाली फिरत राहते. पहिला अर्धा मिनिट वाटतं की हे काय, फोनची रिंगटोन. मग लक्षात येतं की माळ तीच आहे पण तिचा रंग बदलतोय. फिल्टर हळूहळू उघडतोय आणि सुरांच्या कडा गोल होत्या त्या धारदार होत जातायत, मग पुन्हा गोल. खाली बेस स्वतःचंच काहीतरी सांगत चाललेला असतो. यात 'ड्रॉप' वगैरे काही नाही. काही उसळी मारणार अशी वाट बघत बसाल तर तुकडा संपून जाईल.

कोणी ऐकलाय का? मतं येऊ द्या.

चहाबिस्किट

मी पयला. ऐकतो आणि येतो.

जुना_टेपवाला

धागा वाचला, मग अल्बमही अर्धा ऐकला. प्रामाणिकपणे सांगतो, मला कळलं नाही. 'रनिंग आउट ऑफ स्पेस'मध्ये यंत्राच्या आवाजात तेच तेच वाक्य, मागे टिकटिक. हे माझ्या पुतण्याने लॅपटॉपवर दुपारच्या जेवणानंतर केलं असतं. सात वर्षं घेऊन हे?

दुसरं म्हणजे या मंडळींभोवती जी कथा विणली जाते, पाण्याखालचं साम्राज्य वगैरे, ती काढून घेतली तर हातात काय उरतं? आम्ही मैफलीला गेलो की गायकाच्या आजोबांची गोष्ट ऐकून 'वा' म्हणत नाही.

अबोली

टेपवाले काका, ती कथा धाग्यात आलीच नाहीये अजून, तुम्हीच आणलीत. :)

पण आली आहे तर नीट सांगते, कारण ती 'वगैरे' म्हणून सोडण्यासारखी नाही. १९९७ मध्ये 'द क्वेस्ट' हा त्यांच्या तबकड्यांचा संग्रह निघाला. त्याच्या आतल्या मजकुरात असं मांडलंय: अटलांटिक ओलांडताना गुलामांच्या जहाजांवरून गरोदर आफ्रिकन स्त्रियांना आजारी किंवा त्रासदायक ठरवून समुद्रात फेकलं जाई. गर्भातलं मूल तर पाण्यातच जगत असतं. मग त्यातली काही मुलं समुद्रातच जन्मली असतील, हवेची गरज न पडता वाढली असतील तर? त्या मुलांचे वंशज म्हणजे ड्रेक्सियन.

समुद्रात फेकण्याचा भाग कल्पित नाही. १७८१ मध्ये 'झाँग' या ब्रिटिश जहाजावरून १३० हून जास्त गुलामांना जिवंत समुद्रात टाकलं आणि मालकांनी 'माल बुडाला' म्हणून विम्याचे पैसे मागितले. खटला चालला तो खुनाचा नव्हे, विम्याचा. हे वाचल्यावर ड्रेक्सियाच्या आक्रमक तुकड्यांमधला राग कुठून येतो ते कळतं. पाणी म्हणजे यांच्यासाठी स्पामधलं शांत संगीत नाही.

पुढे या कथेवर चित्रकार एलन गॅलघरने चित्रमालिका केली, रिव्हर्स सॉलोमनची लघुकादंबरी आली, अब्दुल कादिम हक यांनी २०२० मध्ये चित्रकथा काढली. दोन माणसांनी गॅरेजछाप तबकड्यांच्या वेष्टणावर लिहिलेली गोष्ट इतकी लांब गेली.

जुना_टेपवाला

माहितीबद्दल आभार. झाँगचं माहीत नव्हतं, अंगावर काटा आला. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. तुम्ही इतिहास सांगितलात, संगीत नाही. राग समजला, तो ठेक्यात कुठे आहे ते दाखवा.

तिरकीट

मी दाखवतो. तबला शिकलोय आणि ड्रम मशीनवरही हात मारतो, त्यामुळे मध्ये पडायचा हक्क आहे असं समजतो.

८०८ वर खाली ओळीने सोळा बटणं असतात. चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. म्हणजे चार मात्रा, प्रत्येकीचे चार भाग. सरळ टेक्नो किंवा हाउस असेल तर किक (म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा जाड ठोका) प्रत्येक रंगाच्या पहिल्या बटणावर: १, ५, ९, १३. धप धप धप धप. कानाला पुढची मात्रा कुठे पडणार ते आधीच माहीत असतं, शरीर आपोआप चालू लागतं. त्यात कमीपणा काही नाही, भजनी ठेकासुद्धा याच भरवशावर हजार माणसं हलवतो.

आता इलेक्ट्रो. स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका) ५ आणि १३ वर ठेवा, ती जागची हलवू नका. किक १ वर द्या, मग थेट ७ वर आणि ११ वर. लावून बघा. सातवं बटण म्हणजे दुसऱ्या मात्रेच्या पोटात, अकरावं तिसरीच्या पोटात. ९ वर पाय टेकायला जातो आणि तिथे काहीच नसतं. त्या रिकाम्या जागेत शरीर क्षणभर लटकतं, मग १३ ची स्नेअर येऊन सावरते. हा धक्का दर दीड-पावणेदोन सेकंदांनी बसत राहतो. राग हवा होता ना काका, तो इथे आहे: ठेका तुम्हाला टेकू देत नाही.

ड्रेक्सियाची करामत अशी की वरचे सूर मात्र निवांत असतात. खाली ठेचकाळणारा ठेका, वर लाटेसारखी सुरावट. 'ऑक्सिप्लाझ्मिक जायरेशन बीम' घ्या. वरचं ऐकलं तर तरंगता, खालचं ऐकलं तर धावता.

आणि पुतण्याबद्दल. पुतण्या लॅपटॉपवर हा आकृतिबंध पाच मिनिटांत टाकेल, मान्य. ठेक्याचे बोल कोणीही पाठ करतं. वाजवायला बसल्यावर कळतं.

चहाबिस्किट

आलो ऐकून. ऑफिसच्या बसमध्ये वाकडपासून सुरू केलं, हिंजवडी चौकात नववा तुकडा चालू होता आणि बस अजून तिथेच. 'रनिंग आउट ऑफ स्पेस' हे पुण्याच्या रस्त्यांवरच केलंय यावर माझा विश्वास बसला आहे.

तिरकीटशेठ, ते १-७-११ टेबलावर वाजवून पाहिलं. शेजारचा विचारतोय बरं आहे ना.

श्प्रेकाठचा

बर्लिनमधून. ट्रेझॉरबद्दल थोडं, कारण डेट्रॉइटच्या लोकांचा अल्बम बर्लिनच्या लेबलवर का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये बेवारस इमारतींचा सुकाळ होता. लाइपत्सिगर श्ट्रासेवर पूर्वी वेर्टहाइमचं अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर होतं. त्याच्या तळघरातली तिजोरीची खोली सापडली आणि तिथे १९९१ च्या मार्चमध्ये क्लब सुरू झाला. ट्रेझॉर म्हणजे तिजोरीच. त्याच वर्षी लेबल निघालं आणि त्याची पहिली तबकडी होती एक्स-१०१ ची, म्हणजे अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या जेफ मिल्स, माइक बँक्स आणि रॉबर्ट हूड यांची. डेट्रॉइटशी नातं पहिल्या दिवसापासूनचं. तिकडे मोटाउन ही संगीत कंपनी १९७२ मध्येच लॉस एंजेलिसला निघून गेली होती, गाड्यांचे कारखाने आटत होते. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर १९९० पर्यंत दहा लाखांवर आलं होतं. तिथे हे संगीत विकत घेणारं गिऱ्हाईक कमी आणि इथे रांगा. त्यामुळे १९९९ मध्ये ड्रेक्सिया ट्रेझॉरवर येणं यात आश्चर्य काही नाही.

जुनी जागा २००५ मध्ये बंद झाली. २००७ पासून क्लब क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. मी तिथे गेलोय. तळघरात उतरायला एक लांब बोगदा आहे, धूर इतका की समोरचा माणूस दिसत नाही, आणि डीजे लोखंडी गजांच्या मागे. तिथे मात्र बहुतेक वेळ सरळ ठेकाच वाजतो. मधेच कोणी इलेक्ट्रो लावलं की अर्धी गर्दी बिअर आणायला जाते आणि उरलेली अर्धी वेडी होते. मी दुसऱ्या अर्ध्यात असतो हे सांगायला नको.

रेवती_कु

खारट, धागा छान, पण 'पहिला अल्बम' या विशेषणावर आक्षेप. 'द क्वेस्ट' १९९७ चा, दोन सीडींचा. दुकानात तोच आधी आला. मी तरी तोच पहिला मानते, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त चांगला आहे. 'वेव्हजंपर', 'बबल मेट्रोपोलिस' यांच्या तोडीचं 'नेपच्यून्स लेअर'मध्ये काय आहे? जुन्या तबकड्यांमध्ये खरखर होती, दात होते. ट्रेझॉरवर येताना आवाज धुऊन-पुसून घेतलाय.

खारट

रेवती, 'द क्वेस्ट' संग्रह आहे, त्यात बरंच साहित्य आधीच्या तबकड्यांतलं. कथांचा संग्रह आणि कादंबरी यात फरक करतो तसाच इथे करतोय. 'नेपच्यून्स लेअर' पहिल्यापासून एकसंध म्हणून रचलेला दिसतो. छोटे तुकडे जोडकामासाठी येतात आणि शीर्षकं एका प्रदेशाचा नकाशा काढत जातात: मंदिर, वाळूचे डोंगर, वस्ती, प्रजाती, खाडी.

धुऊन-पुसून हे मात्र पटतं. आणि त्याचं मला दुःख नाही. १९९४ च्या तबकड्या हल्ला करतात. इथे हल्ला संपलाय आणि माणसं घरी परतली आहेत असं वाटतं. 'जॅझी फ्लुइड्स'मध्ये तर चक्क कोणीतरी कीबोर्डवर रमलंय. असा निवांतपणा आधीच्या तबकड्यांत मला आढळत नाही.

तक्रार करायचीच तर लांबीची करा. शेवटचा एक तृतीयांश भाग सैल आहे. पाच-सहा तुकडे उचलून एखाद्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले असते तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. नावंही तिथे थकायला लागतात. हायड्रो अमुक, हायड्रो तमुक.

रेवती_कु

हायड्रो तमुकला +१.

कादंबरीचा मुद्दा अर्धा मान्य. तरी मला दात हवेत.

अभंगवेडा

अवांतर होईल, पण ८०८ चा विषय निघालाय म्हणून. १९८२ मध्ये, 'प्लॅनेट रॉक' निघालं त्याच वर्षी, मुंबईत चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' केला. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ एवढ्या तीन रोलंड यंत्रांवर भैरव, ललित, यमन. टीबी-३०३ ची ती चिरकी, वळवळणारी बेसलाइन शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसने गाजवली, पण तीही काही वर्षांनंतर. त्या वेळी सिंग यांची तबकडी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने पुन्हा काढली आणि सत्तरी गाठलेले सिंग युरोपात कार्यक्रम करायला लागले. २०१५ मध्ये ते गेले.

डेट्रॉइटशी त्यांचा काही संबंध नाही. कोणी कोणाचं ऐकलं नव्हतं. तरी यंत्र तेच.

तिरकीट

उत्तम अवांतर. पण फरकही सांगून ठेवतो, नाहीतर लगेच 'टेक्नो आमच्याकडेच जन्मलं' असे फॉरवर्ड फिरू लागतील. सिंग यांचा ठेका सरळ डिस्कोचा आहे, वर रागाची आलापी. इलेक्ट्रोचा तुटकपणा तिथे नाही, शोधायचाही नाही.

८०८ बद्दल आणखी एक. रोलंडने ते १९८० ते १९८३ एवढंच बनवलं, साधारण बारा हजार नग. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून टीका झाली. त्याच काळात लिनचं मशीन खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज वापरत होतं आणि त्याची किंमत चौपटीच्या आसपास होती. मग ८०८ जुन्या बाजारात मातीमोल भावात मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्या हाती पडलं. आज त्याच यंत्राची किंमत विचारू नका, मी विचारली आणि बायकोने ऐकली.

जुना_टेपवाला

तिरकीट, तुमचं १-७-११ करून बघितलं. मशीन नाही, मांडीवर. नववी जागा रिकामी सोडणं खरोखर अवघड आहे, हात जातोच. आमच्याकडे समेच्या आधी अशी जागा सोडून श्रोत्याला लटकवणारे तबलजी ऐकलेत, पण ते कधीतरी, मेहेरबानी केल्यासारखे. इथे ते प्रत्येक आवर्तनात आहे. त्यामुळे ती जागा जागा राहत नाही, सवय होते. हा माझा आक्षेप अधिक नेमका झाला एवढंच.

मात्र तुम्ही सांगितलेलं ते 'जायरेशन' आवडलं. वर-खाली दोन वेगळ्या गती एकत्र धरल्या आहेत हे खरं. यंत्रमानवाचा आवाज आला की अजूनही बंद करतो.

अबोली

काकांनी 'आवडलं' लिहिलंय, धागा वाखुसा (वाचनखूण साठवणं) करत आहे.

स्टिन्सनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. २००२ च्या सप्टेंबरमध्ये ते गेले, हृदयविकाराने, वय अवघं ३२. 'नेपच्यून्स लेअर'नंतर जेमतेम तीन वर्षं मिळाली आणि त्यात कामाचा धडाका पाहा: ट्रेझॉरवर 'हार्नेस्ड द स्टॉर्म', क्लोन लेबलवर 'ग्रावा ४', शिवाय 'ट्रान्सल्यूजन', 'शिफ्टेड फेजेस', 'द अदर पीपल प्लेस' अशा वेगवेगळ्या नावांखाली अल्बम. काही तर ते गेल्यावर निघाले. पहिल्या अल्बमला सात वर्षं आणि बाकीचं सगळं एका दमात. डोनाल्ड अजून काम करतात, 'डॉपलरइफेक्ट' नावाने, आणि आपण कोण हे सांगायची त्यांना अजूनही घाई नाही.

चहाबिस्किट

नवख्याला प्रश्न: एवढं सगळं ऐकायला बस पुरणार नाही. क्रम द्या.

खारट

आधी 'अँड्रिअन सँड ड्यून्स' आणि 'ऑक्सिप्लाझ्मिक', एवढे दोनच. आवडले तर 'नेपच्यून्स लेअर' सुरुवातीपासून, निदान मध्यापर्यंत सलग, शफल बंद. दात हवे असतील तर रेवतीचं ऐका आणि जुन्या तबकड्यांकडे जा. त्या शोधत बसायची गरज नाही, क्लोनने २०११ ते २०१३ मध्ये 'जर्नी ऑफ द डीप सी ड्वेलर'च्या चार भागांत बऱ्याचशा पुन्हा काढल्या आहेत. आणि हे सगळं फार टोकदार वाटलं तर 'द अदर पीपल प्लेस'चा 'लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे'. २००१ चा, वॉर्पवर. तोच स्टिन्सन, पण समुद्र नाही, पाणबुड्या नाहीत. कॉफीच्या दुकानात बसलेला एकटा माणूस आहे. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

रेवती_कु

तो मी काढते. तुम्ही त्यालाही कादंबरी म्हणाल.

श्प्रेकाठचा

काढा. तोवर चहाबिस्किट यांनी ९ वर पाय न टेकण्याचा सराव करावा, बर्लिनला आलात तर तळघरात नेतो.

चहाबिस्किट

बस अजून चौकातच आहे, सरावाला भरपूर वेळ आहे.